राखीव डब्यातलं बिस्किट

थोरलीच्या पोटात दुखायला लागलं ते एका कोटावरून.

कोट तिचाच होता. बाटलीच्या काचेसारखा गडद हिरवा, कमरेत बारीक, मोठ्या काळ्या बटणांचा. लग्नाआधी, नोकरीच्या पहिल्या पगारातून घेतलेला. कित्येक वर्षं तो कपाटात टांगलेला होता. त्याची बटणं आता लागत नव्हती, पण तो तिथे आहे एवढ्यावरच तिचं समाधान होतं. त्या रविवारी सासूबाई कपाट आवरायला बसल्या. त्यांनी कोट काढला, दोनदा झटकला आणि थोरलीच्या देखत धाकटीच्या खांद्यावर धरला.

"घालून बघ गं. हिला काही आता होत नाही. कसर लागून जाण्यापेक्षा कुणाच्या तरी अंगावर दिसेल."

धाकटीने घातला. सगळी बटणं लागली, वर मूठभर जागा उरली.

"अरे वा!" थोरलीचा नवरा वर्तमानपत्रातून डोकं वर काढून म्हणाला. "हा कोट मी ओळखतो. यालाच भुलून मी फसलो होतो."

सगळे हसले. थोरलीही हसली. मग दूध उतू जातंय असं म्हणून स्वयंपाकघरात गेली. शेगडीवर दूध नव्हतंच.

धाकटी म्हणजे तिच्या दिराची बायको. दोघी जावा एका घरात, एका ओट्याशी नांदत होत्या, आणि आजवर त्यांचं बरं चाललं होतं. याचं एक कारण, थोरलीने कधी कुणाला सांगितलं नसलं तरी, असं होतं की धाकटी तिच्यापेक्षा जाड होती. दारातून दोघी एकदम आत आल्या की आधी कुणाकडे बघायचं हे लोकांना ठरवावं लागत नसे. मग गेल्या वर्षी धाकटीने एकाएकी साखर, पाव, भात आणि बटाटा सोडला आणि त्यांच्या जागी लोणी, अंडी, चीज, बदाम-अक्रोड, तेलकट मासे आणि ढीगभर पालेभाज्या खायला सुरुवात केली. घरात चेष्टेला ऊत आला. "लोणी खाऊन कुणी बारीक झालंय का कधी?" सासूबाई विचारायच्या. धाकटी म्हणायची, "बघूया तरी." आणि बघता बघता ती झाली की हो बारीक! गालाची हाडं दिसायला लागली. चालण्यात एक उडी आली. आता दारातून दोघी एकदम आत आल्या की लोक आधी कुणाकडे बघतात, हे थोरलीला दिसायला लागलं.

बरं, घरी डोळ्यांसमोर, तर कामावरही तीच. दोघी एकाच बिस्किट कारखान्यात होत्या. फरक एवढाच की थोरली तिथे जुनी, मानाची आणि धाकटी अगदी नवी. थोरली चाखणाऱ्यांच्या टेबलाची प्रमुख होती. कारखान्यातून बाहेर जाणारी प्रत्येक बॅच आधी तिच्या तोंडातून जायची. साखर चिमूटभर जास्त, भट्टी जराशी मंद, लोणी दोन दिवसांचं, असं काहीही तिच्या जिभेतून सुटत नसे. तिला सगळे 'काटा' म्हणत, सोन्याच्या दुकानात असतो तसला. धाकटीला प्रयोगशाळेत नुकतंच घेतलं होतं, तेही परीक्षेच्या बोलीवर. बिस्किटाची पूड पाण्यात विरघळवायची, गाळायची, यंत्राखाली थेंब टाकायचा आणि साखरेचा आकडा कळवायचा, हे तिचं काम. यंत्रही नवं होतं. त्याचा आकडा आणि काट्याचा शब्द जुळला की मॅनेजर साहेब खूश व्हायचे, आणि शाबासकी यंत्राला मिळायची.

सोमवारी धाकटी हिरवा कोट घालून कामाला आली. फाटकावरच्या पहारेकऱ्यापासून पॅकिंगच्या बायकांपर्यंत सगळ्यांनी मान वळवली. चाखणाऱ्यांच्या टेबलावर थोरलीच्या शेजारी बसणारा मिशाळ तर म्हणाला, "काटाबाई, तुमच्या जावेने कात टाकली हो! तुम्ही पण लोणी खायला लागा."

"माझं वजन मला पुरतं," थोरली म्हणाली. त्याच संध्याकाळी तिने पाव सोडला.

आता कुणीही म्हणेल, घरात अनुभवी माणूस असताना सरळ विचारावं. पण विचारलं असतं तर कोटावरून जळफळाट झालाय हे कबूल केल्यासारखं झालं असतं. त्यापेक्षा तिने धाकटीच्या ताटावर डोळा ठेवला. ती दोन अंडी घेते? आपणही दोन घ्यायची. ती भाताला हात लावत नाही? आपण "भूक नाही" म्हणून सांगायचं. शेजारच्याच्या पेपरातलं फक्त उत्तर उतरवून घ्यावं आणि मधल्या पायऱ्या सोडून द्याव्यात, असा तो प्रकार होता. ताटात दिसतं तेवढंच तिने उचललं. ताटाबाहेर धाकटी काय करते, हे ताटाकडे बघून कळणार कसं?

चीजची वडी तिने शिवणयंत्राच्या खणात ठेवली. लोणी मात्र भांड्यातूनच खावं लागे, दुपारी सगळे आडवे झाले की चमच्याने, उभ्या उभ्या.

"लोणी जातंय कुठे?" सासूबाईंनी एके दिवशी भांडं उपडं करून विचारलं.

"मांजर असेल," थोरली म्हणाली.

"झाकण काढून, खाऊन, परत झाकण लावणारं मांजर? मला दाखव तरी. सर्कशीत देऊ."

धाकटी खाली मान घालून अक्रोड फोडत होती.

पहिले काही दिवस वाईट गेले. डोकं ठणकायचं, पायात गोळे यायचे, जिना चढताना कठड्याला धरावं लागायचं. थोरलीला वाटलं, चरबी जळते ती अशीच जळत असणार. खरं तर पिठूळ पदार्थ आणि साखर कमी झाली की शरीर आधी पाणी सोडतं आणि पाण्याबरोबर मीठ जातं, ते परत भरावं लागतं. पण हे तिला कोण सांगणार? नवऱ्याने एकदा विचारलं, "तोंड का उतरलंय?" तिला त्यातलं 'उतरलंय' तेवढंच ऐकू आलं आणि ती दिवसभर त्यावरच खूश राहिली.

अडचण एकच होती, ती कामावरची. चाखणं काही सोडता येत नव्हतं. पण चाखणारे चघळून स्टीलच्या वाडग्यात थुंकतात, कोमट पाण्याने चूळ भरतात, तेव्हा त्याची चिंता नव्हती. चिंता होती राखीव बिस्किटाची. कारखान्याचा जुना रिवाज असा होता की मालकांनी पसंत केलेल्या बॅचमधली बिस्किटं हवाबंद डब्यात राखून ठेवायची आणि रोज सकाळी काम सुरू करण्याआधी प्रत्येक चाखणाऱ्याने त्यातलं एक अख्खं खायचं. थुंकायचं नाही, गिळायचं. आज 'बरोबर' म्हणजे काय, ते जिभेला आधी सांगून ठेवायचं आणि मगच बाकीच्यांना नावं ठेवायची. वजन करायच्या आधी तराजूची रिकामी पारडी बघून घेतात, तसंच हे.

अख्खं बिस्किट! मैदा आणि साखर, दुसरं काय असतं त्यात? इतके हाल सोसून रोज सकाळी तेच पोटात ढकलायचं? आणि कशासाठी? इतक्या वर्षांत ती चव तिच्या तोंडात मुरली होती. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितली असती. मिशाळाला लागत असेल राखीव बिस्किट, तिला कशाला? तिने बिस्किट तोंडाशी नेलं, मिशाळ चूळ भरायला वळला तशी हात खाली घेतला आणि बिस्किट एप्रनच्या खिशात टाकलं. दुसऱ्या दिवशीही तेच केलं. मग त्याची सवयच होऊन गेली.

कंबर खरंच उतरायला लागली. साडीची निरी थोडी जास्त खोचावी लागली, तेव्हा तिने आरशासमोर उभं राहून स्वतःला एक अख्खं मिनिट बघून घेतलं. फक्त कुणी काही बोलत नव्हतं. बोलत होते ते धाकटीबद्दलच.

आणि मग ती बॅच आली.

चाखायच्या खोलीत लाल दिवा असतो, म्हणजे बिस्किटाचा रंग बघून मन आधीच मत बनवत नाही. त्या लाल उजेडात थोरलीने घास तोंडात घेतला आणि तिचे डोळे विस्फारले. गोड? गोडमिट्ट! दात शिवशिवले. तिने थुंकलं, चूळ भरली, दुसरं घेतलं. तेच.

"साखर चुकलीय," तिने जाहीर केलं. "चांगली मूठभर जास्त पडलीय."

मिशाळाने चाखलं, मिशी चाचपली. "मला तर नेहमीसारखंच लागतंय बुवा."

"तुम्हाला कधी वेगळं लागलंय?"

प्रयोगशाळेतून धाकटीचा आकडा आला: साखर बरोबर, नेहमीइतकी. मॅनेजर साहेब दोन्ही निकाल हातात घेऊन टेबलापाशी आले.

"काटाबाई, यंत्र म्हणतंय ठीक आहे."

थोरलीने प्रयोगशाळेच्या काचेपलीकडे पाहिलं. धाकटी पांढऱ्या डगल्यात यंत्रावर वाकली होती. मागे खुंटीवर हिरवा कोट टांगलेला होता.

"यंत्राला जीभ असते का, साहेब?" ती म्हणाली. "आणि यंत्र तरी स्वतःहून कुठे बोलतं? ते वाचणारं माणूस असतं ना. नवीन माणूस. हात बसायला वेळ लागतो."

हे बोलताना तिला बरं वाटलं. फार बरं वाटलं. दुखऱ्या दाढेवर लवंग ठेवल्यासारखं.

साहेबांनी काट्याचं ऐकलं. बॅच बाजूला ठेवली, पुढच्या घाण्यात साखर कमी केली. थोरलीने तो घाणा चाखून मान डोलावली, "आता कसं!" धाकटीचा आकडा म्हणाला, साखर कमी आहे. साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण माल पुढे गेला. दुसऱ्या दिवशी पॅकिंगच्या बायका फुटका माल खाता खाता नाक मुरडायला लागल्या, "आज काय पुठ्ठा भाजलाय का गं?"

मग मात्र बोंबाबोंब झाली. एक तर जीभ चुकत होती, नाहीतर यंत्र. दुरुस्तीवाला येऊन यंत्र तपासून गेला. यंत्र ठणठणीत होतं. राहिली ती वाचणारी. धाकटीला साहेबांच्या खोलीत बोलावलं, तेव्हा थोरली दाराबाहेरूनच चालली होती. अगदी हळू चालली होती.

"हे बघ बाई, तुझे परीक्षेचे दिवस चालू आहेत," साहेबांचा आवाज आला. "तुझ्या जावेची जीभ आजवर चुकलेली मी बघितली नाही. आकडा चुकला असेल तर आत्ताच सांग. मी रागावणार नाही. पण पुढचं मला बघावं लागेल."

"आकडा चुकला नाही, साहेब."

"मग?"

धाकटी म्हणाली, "एक करूया. ती बाजूला ठेवलेली बॅच आहे ना, तिची पूड एका वाटीत. राखीव डब्यातल्या बिस्किटाची पूड दुसऱ्या वाटीत. कुठली कुठे, ते फक्त तुम्हाला माहीत. ताईंना चाखू दे. त्या जी जास्त गोड म्हणतील ती बॅचची निघाली, तर मी उद्यापासून येणार नाही."

राखीव डबा हे दोन शब्द थोरलीला कुणीतरी मुद्दाम उच्चारल्यासारखे वाटले.

लाल दिव्याखाली दोन पांढऱ्या वाट्या ठेवल्या होत्या. साहेब एका बाजूला, धाकटी दुसऱ्या बाजूला, मिशाळ भिंतीला टेकून. थोरलीने पहिली पूड जिभेवर घेतली. गोडमिट्ट. चूळ भरली. दुसरी घेतली. गोडमिट्ट. तितकीच.

राखीव बिस्किट जास्त गोड असूच शकत नव्हतं. बरोबर म्हणजे काय, ते त्याच्यावरूनच ठरायचं. मीटरपट्टीच लांब झाली असं म्हणण्यासारखं होतं ते. तेव्हा लांबी कुठे वाढली होती, हे तिला एका क्षणात कळलं. तिच्या तोंडात. इतके दिवस साखरेचा कण पोटात गेला नव्हता, आणि जीभ उपाशी माणसासारखी प्रत्येक कणावर तुटून पडत होती.

आणि त्याच क्षणी तिला आणखी एक गोष्ट कळली. पहिल्या वाटीच्या शेवटी, घशाच्या अगदी जवळ, लोण्याला किंचित जुनाट वास होता. डब्यात राहिलेल्या मालाला येतो तसा. दुसरी ताजी होती. म्हणजे पहिली राखीव, दुसरी बॅच. या खोलीत दुसऱ्या कुणालाही हा फरक कळला नसता, यंत्रालासुद्धा नाही. तिने फक्त दुसऱ्या वाटीवर बोट ठेवायचं होतं. 'ही जास्त गोड.' बस्स. काटा पुन्हा काटा झाला असता. उद्यापासून त्या खुंटीवर हिरवा कोट दिसला नसता.

तिने बोट उचललं. धाकटी वाट्यांकडे बघत नव्हती, तिच्याकडेच बघत होती. गालाची हाडं लाल उजेडात छान दिसत होती. मेली दिसतेच छान, थोरलीच्या मनात आलं, अशा वेळीसुद्धा.

बोट तसंच अधांतरी राहिलं. कोटाचं खोटं बोलता येत होतं, लोण्याचं बोलता येत होतं, भुकेचंही. पण या टेबलावर बसून या तोंडाने ती आजवर एकदाही खोटं बोलली नव्हती. कंबर गेली, कोट गेला, नवऱ्याचं कौतुक गेलं. पण तिची म्हणावी अशी ही एकच वस्तू उरली होती, आणि ती धाकटीपायी बाटवायची? तेवढी मोठी नव्हती धाकटी.

"दोन्ही सारख्याच," थोरली म्हणाली.

साहेबांनी श्वास सोडला. "म्हणजे बॅच बरोबर होती?"

"हो. पहिली वाटी राखीव डब्याची आहे, दुसरी बॅचची. गोडाला काडीचा फरक नाही."

साहेबांनी वाट्यांच्या बुडाखालची खूण बघितली आणि त्यांचं तोंड उघडंच राहिलं. "हे बरोबर ओळखता, आणि गोड कसं चुकलं?"

"कारण मला दोन्ही जास्त गोड लागतायत. मी साखर सोडलीय. पाव, भात, सगळंच. राखीव बिस्किटही खात नव्हते, खिशात टाकत होते."

"डॉक्टरांनी सांगितलं?"

थोरलीने धाकटीकडे बोट केलं. "हिच्यामुळे. हिच्यासारखं दिसायचं होतं मला."

मिशाळाला ठसका लागला. तो पाणी प्यायला बाहेर गेला तो बराच वेळ आलाच नाही.

साहेबांनी शिक्षा अशी केली नाही, पण प्रमुखाची खुर्ची मिशाळाला दिली, तिची जीभ ठिकाणावर येईपर्यंत. धाकटी मध्ये बोलली, की फरक ओळखण्यात ताईंची जीभ आधीइतकीच तेज आहे, फक्त काट्याचं शून्य सरकलंय. रोज राखीव बिस्किट खाऊन त्याच्याशीच तुलना केली तर शून्य परत जागेवर आणता येईल. साहेब म्हणाले, आणा म्हणावं आधी, मग बघू. मिशाळ खुर्चीवर टेकला तेव्हा खुर्ची करकरली. तो आवाज थोरलीला फार दिवस पुरणार होता.

संध्याकाळी दोघी बरोबर घरी निघाल्या. दुकानांचे दिवे लागले होते, कोटाची बटणं चमकत होती.

"तुला माहीत होतं," थोरली शेवटी म्हणाली.

"एप्रन धुवायला मीच टाकते ना, ताई. रोज खिशात बिस्किटाचा लगदा. आधी वाटलं, चोरताय. मग लोण्याचं भांडं आठवलं."

"मग साहेबांना सांगायचं होतंस. स्वतःची नोकरी कशाला लावलीस पणाला?"

"मी सांगितलं असतं तर तुम्ही जन्मात माझ्याशी बोलला नसतात. आणि लावली कुठे? तुम्ही वाटीतलं खोटं बोलणार नाही, हे माहीत होतं मला. बाकी कशातलं बोलाल."

थोरलीला राग आला आणि हसूही आलं. हसू जास्त आलं म्हणून तिने तोंड फिरवलं.

"ताई," धाकटी थोड्या वेळाने म्हणाली, आणि तिचा आवाज जरा बदलला होता. "पहिली वाटी राखीव, हे कशावरून ओळखलंत?"

"लोण्यावरून. जुनं लागतं ते. अगदी शेवटी."

"तुम्ही गेल्यावर मी चाखून बघितल्या दोन्ही. दोनदा. मला काही कळलं नाही." ती पावलं मोजल्यासारखी चालत राहिली. "यंत्र कुणीही शिकेल हो. ते कसं येणार मला?"

थोरलीने तिच्याकडे चोरून पाहिलं. ते तोंड तिच्या ओळखीचं होतं. गेले कित्येक दिवस ती ते आरशात बघत होती. तिची पाठ आपोआप ताठ झाली.

"येणार नाही," ती प्रेमाने म्हणाली.

घराचा जिना आला. धाकटी दोन-दोन पायऱ्या चढत वर गेली. थोरलीच्या पोटरीत पुन्हा गोळा आला आणि ती कठडा धरून उभी राहिली.

"मीठ घेता का वेगळं?" वरून आवाज आला.

"मीठ?"

"अहो, गरम पाण्यात, भाजीच्या सूपमध्ये. मी पहिल्या आठवड्यात डोकं धरून लोळत होते. विचारायचं तरी!"

"तुला विचारायचं होतं होय," थोरली पुटपुटली.

धाकटी चार पायऱ्या खाली आली आणि तिचा हात धरला. मग काहीतरी आठवल्यासारखी थांबून कोटाच्या बटणाशी चाळा करत म्हणाली, "ताई, हा परत हवाय का तुम्हाला?"

थोरलीने कोटाकडे पाहिलं. मग तिच्या कमरेकडे, मग स्वतःच्या.

"या थंडीत घाल तू," ती म्हणाली. "पुढच्या थंडीत बघू."